पिठाच्या डब्यातला फोन

"आधी फोन दुरडीत, मग पाट."

तिसऱ्यांदा सांगत होते मी. एकवीस पोरी मुकाट्यानं फोन टाकून आत गेल्या होत्या आणि ही एक, तनुजा खोत, दारातच उभी. फोन असा छातीशी धरलेला, जसं काही मी तिचं तान्हं पोर काढून घेणार होते.

"अक्का, मी बघणार नाही त्यात. पालथा ठेवते बाजूला."

"बघायचा नाही तर जवळ कशाला पाहिजे?"

"असू दे की, अक्का. माझा एकटीचा."

"तुझा एकटीचा का? तुझ्या फोनाला काय शिंगं फुटलीत?"

आतल्या पोरी हसल्या. तिनं मान वळवून माझ्या सुनेकडं, शैलाकडं बघितलं. शैला भाकरी थापत होती, तिनं नजर खाली घातली. तिथंच मला कळलं. मी स्वयंपाकघरात असायची, दुरडी सांभाळायची शैला, आणि इतके दिवस हिला आतल्या आत सूट मिळत होती. मी हात पुढं केला, फोन तिच्या बोटांतून काढून घेतला आणि दुरडीत टाकला.

दुसरा कुठला दिवस असता तर कदाचित दोन शब्द बोलून सोडलंही असतं. पण त्या दिवशी कॉलेजचे प्राचार्य माझ्याकडं जेवायला येणार होते.

आमचं गाव साखर कारखान्याचं. कारखान्याच्या मागं इंजिनिअरिंग कॉलेज निघालं तेव्हा मी घरात चार पोरींना जेवायला घालायला सुरुवात केली. चाराच्या बावीस झाल्या. आता कॉलेजनं मुलींचं वसतिगृह बांधलं होतं, दोनशे पोरींचं, आणि त्यांच्या जेवणाचं काम कुणाला द्यायचं ते ठरायचं होतं. तालुक्याचा एक केटरर मागं लागला होता. त्याच्याकडं टेबलं, खुर्च्या, टोप्या घातलेले वाढपी. माझं शिक्षण चौथी. माझ्याकडं दाखवायला होती ती एक दुरडी.

ती दुरडी मी का ठेवली तेही सांगते. पोरी जेवायला बसायच्या आणि डाव्या हातात फोन. कुणी सिनेमा बघतेय, कुणी दुसरी एक बाई जेवताना बघतेय. स्वतःच्या ताटातली भाकरी वाळून पापड झाली तरी शुद्ध नाही. रात्र रात्र जागायच्या, सकाळी तोंड सुजलेलं, दुपारी अर्धी चतकोर खाऊन उठायच्या, आणि चार वाजता वर्गात चक्कर येऊन पडायच्या. एक जण तर मला म्हणाली, अक्का, मी काय खाल्लं ते आठवतच नाही. दिवाळीनंतर मी बांबूची दुरडी दारात ठेवली. जेवण होईपर्यंत फोन तिच्यात. पहिल्या आठवड्यात सहा जणी सोडून गेल्या. महिन्यानं सहाच्या सहा परत आल्या, येताना आणखी दोघींना घेऊन. पोरींच्या अंगाला अन्न लागायला लागलं, गाल वर आले. आयांचे फोन यायला लागले, अक्का, तुम्ही जादू केली. हे प्राचार्यांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, ती दुरडी मला बघायचीय.

म्हणून सांगते, त्या दिवशी एक जरी फोन पंगतीत दिसला असता तर माझं नाक कापलं गेलं असतं.

तनुजा जूनमध्ये आली होती. दुष्काळी भागातली पोर, काळीसावळी, काटकुळी. ऊन असो, काही असो, लांब बाह्यांचा ड्रेस. आई सोडायला आली होती. तिनं दोनदा सांगितलं, "अक्का, हिला वेळेवर वाढा. बाकी काही नाही, वेळ तेवढी पाळा."

"माझ्याकडं साडेबारा म्हणजे साडेबारा," मी म्हणाले. "घड्याळ लावून घ्यावं लोकांनी."

आणि तसंच होतं. पण ही पोर मला पहिल्या दिवसापासून खुपली. जेवायच्या आधी पाच मिनिटं न्हाणीघरात जाऊन कडी लावायची. मग येऊन विचारायची, आज भात किती पळ्या, भाकरी एक का दीड. ऐकून फोनमध्ये काहीतरी लिहायची. जेवढं वाढलं तेवढं निपटून खायची, कण टाकायची नाही, कण जास्त घ्यायची नाही. मी आग्रह केला तर ताटावर हात आडवा धरायची. माझ्या ताटावर आजवर कुणी हात धरला नव्हता.

पहिल्याच महिन्यात एकदा म्हणाली, "अक्का, आजची भाकरी जरा मोठी आहे का?"

मी सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्या लग्नात हिला तराजू आंदण द्या गं. नवऱ्याला मोजून वाढेल."

पोरी लोळल्या हसून. तेव्हापासून तिचं नाव तराजू पडलं. मला वाईट वाटलं नाही. फोनवर बघून बारीक व्हायचं वेड आहे, असं मी धरून चालले होते. तसल्या मी पुष्कळ सरळ केल्या होत्या.

तर त्या दिवशी. सोप्यात दोन पंगती मांडल्या. जोंधळ्याची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, गव्हाची खीर, आणि प्रत्येकीच्या ताटात गुळाचा खडा, त्यावर तुपाचा थेंब. सर आत येतील तेव्हा वाढलेली ताटं, ओळीनं बसलेल्या पोरी आणि दारात फोनांनी भरलेली दुरडी, असं दिसायला पाहिजे होतं. साडेबाराला सगळं तयार झालं. कॉलेजातून निरोप आला, सर मीटिंगमध्ये आहेत, दहा मिनिटांत निघतात.

"पाहुणे आल्याशिवाय घासाला हात लावायचा नाही," मी सांगितलं.

दहाची वीस मिनिटं झाली. पोरी कुजबुजत होत्या, एकमेकींना ढोसत होत्या. तनुजानं विचारलं, "अक्का, मी सुरू करू का?"

"का गं? बाकीच्यांची पोटं गावाला गेलीत?"

"थोडंसं. खीर तेवढी."

"पाहुण्याच्या आधी जेवायची पद्धत आहे वाटतं तुमच्यात. आमच्यात नाही."

तिनं हात मांडीवर घेतला. आणि दुरडीतला एक फोन वाजायला लागला. गाणं नव्हे, कसला तरी चिरका आवाज, थांबून थांबून. कुणाचा विचारायची गरज नव्हती. तनुजा उठायला लागली होती.

"बस खाली."

"अक्का, मला बघावं लागेल."

"बस म्हटलं ना."

मला तो बंद करता येईना. वर टॉवेल टाकला, तरी वाजतोय. सर दारात येणार आणि माझी दुरडी कोकलणार. मी तो उचलला, स्वयंपाकघरात नेला आणि पिठाच्या डब्यात, ज्वारीच्या पिठात, कोपरापर्यंत हात घालून गाडला. वरून झाकण दाबलं. आत तो वाजतच राहिला, पण आता जिन्याखाली मांजराचं पिल्लू ओरडावं तसा.

शैला म्हणाली, "आत्या, एवढी मागतेय तर देऊ या का तिला?"

"तू थाप भाकरी. तुझा निवाडा संध्याकाळी."

बाहेर आले तर तनुजानं गुळाचा खडा उचलला होता. तोंडापर्यंत नेला होता. माझ्या हातात खिरीची पळी होती. तीच मी तिच्या मनगटावर मारली. खडा पाटाखाली घरंगळला.

"एकवीस जणी बसल्यात, त्यांना भूक नाही. एक तूच काय ती उपाशी जन्माला आलीस?"

"अक्का, गूळ द्या. एवढाच." तिचा हात कापत होता.

मी तिचं ताट उचललं. उचलून पलीकडं भिंतीशी ठेवलं, माझ्या पायापाशी. "आता तू सगळ्यांच्या शेवटी जेवायचं."

पौष महिना होता. सकाळी अंगणात पोरी शेकोटी करून बसल्या होत्या. आणि हिच्या कपाळावर घाम, ओठावर घाम, केस चिकटलेले. माझ्याकडं बघून ती हसली. हसली म्हणजे दात दिसले, डोळे दुसरीकडंच होते. काहीतरी पुटपुटली, शब्दाला शब्द जुळेना. शेजारची पोर म्हणाली, "अक्का, हिला काहीतरी होतंय."

"सोंग होतंय," मी म्हणाले.

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मी पदर सारखा केला आणि दाराशी गेले. प्राचार्य घोरपडे उंचेपुरे गृहस्थ, मागं वसतिगृहाच्या बाई. सरांनी चपला काढल्या, दुरडीकडं बघितलं, बाईंना म्हणाले, "बघा, हे आपल्याला सुचलं नाही." माझ्या छातीत असं भरून आलं म्हणून सांगू. आणि मागं भांडं पडावं तसा आवाज झाला. तनुजा बसल्या जागी आडवी झाली होती.

पहिली धावली शैला. पिठाच्याच हातानं तिनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं, बाही वर सारली, दंडावर चिकटवलेलं एक पांढरं बटण बघितलं. मग तिची पिशवी मागवली, आतला चेनचा बटवा उघडला, आणि माझ्याकडं न बघता स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागं.

साखरेच्या डब्यात हात घालत ती हळू म्हणाली, "आत्या, सुई आहे तिच्या बटव्यात. माझ्या दादांना होती तसली. तिला साखरेचा आजार आहे. सुई टोचल्यावर लगेच खावं लागतं, नाहीतर साखर उतरत जाते. आपलं साडेबाराचं धरून तिनं टोचून घेतली असणार. दंडावरचं ते बटण साखर मोजतं, ती उतरली म्हणून फोन ओरडतोय."

पिठाच्या डब्यातून आवाज येत होता. आता मला तो फार मोठा वाटला.

शैलानं सोप्यात जाऊन ओली साखर तनुजाच्या गालाच्या आतून चोळली. एकदा, दोनदा, तीनदा. दारातून सरांनी विचारलं, "अक्का, काय झालं मुलीला?"

माझ्या तोंडात दोन वाक्यं तयार होती. एक खरं होतं. ते बोलले असते तर पुढचं कुणीही विचारलं असतं, मग तुम्ही तिला खाऊ का दिलं नाही. सर तिथूनच चपला घालून गेले असते.

"काय व्हायचंय, सर," मी म्हणाले. "तीन दिवस अन्नाला शिवली नाही. फोनमध्ये बघून बारीक व्हायचं खूळ. ही दुरडी मी उगाच नाही ठेवली. ही एकच अशी होती, जी फोन सोडत नव्हती. बघा काय अवस्था झाली."

सरांनी मान हलवली. पोरींकडं वळले आणि बोलायला लागले. तुमच्या पिढीचं असं आहे, तसं आहे, झोप नाही, जेवण नाही, हा हातातला राक्षस तुम्हाला खातोय. चांगलं दहा मिनिटं बोलले. तोवर तनुजाचे डोळे उघडले होते. ती ऐकत होती. शैलाच्या हाताला धरून उठून बसली.

"सर, तसं नाही," ती म्हणाली. आवाज चिमणीएवढा.

मी पटकन तिच्याजवळ बसले. पदरानं तिच्या तोंडावरचा घाम पुसला, मायेनं पुसावा तसा. तोंड तिच्या कानाशी नेलं. तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, फाल्गुनातलं. बस्त्याच्या साडीचा फोटो तिनं मलाच हौसेनं दाखवला होता. घरात असला आजार आहे हे कुणाला कळू द्यायचं नाही म्हणून तर लांब बाह्या होत्या, न्हाणीची कडी होती. सुई बघितली आणि मला सगळं एका दमात उलगडलं होतं.

मी म्हणाले, "ताईच्या सासरी कळवू का, घरात काय आहे ते?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग सरांकडं वळली.

"हो, सर. मी जेवत नव्हते."

"का?"

"बारीक व्हायचं होतं."

सर म्हणाले, "शाब्बास. कबूल करायला धैर्य लागतं."

मग पंगत बसली. सरांनी दोन वाट्या खीर घेतली. तनुजाचं ताट मी स्वतः तिच्यापुढं ठेवलं, तिनं ते खाली मान घालून संपवलं, नेहमीसारखं, कण न टाकता. आत डब्यातला आवाज कधीतरी थांबला होता.

काम मला मिळालं. पण सरांना ती गोष्ट एवढी आवडली की त्यांनी पुढच्या आठवड्यात सभागृहात सगळ्या वर्गांना बसवलं आणि तनुजाला उभं केलं. फोनपायी आपण कसं उपाशी राहिलो, कसं चक्कर येऊन पडलो, ते तिनं सांगायचं. मला पुढच्या रांगेत खुर्ची होती, नारळ, शाल. ती बोलली. चांगलं बोलली, अडखळली नाही. एकदा तिनं बाही खाली ओढली, तेवढंच. पोरांनी मागून शिट्ट्या मारल्या. तराजूचं नाव जाऊन उपाशी हे नाव पडलं. ते कॉलेज सोडेपर्यंत तिला पुरलं.

कॉलेज तिनं परीक्षेच्या आधीच सोडलं. बहिणीचं लग्न पार पडल्यावर. जायच्या दिवशी माझ्याकडं आली. आमच्याकडं प्रत्येकीनं आपलं ताट आपण आणायचं, वर नाव कोरून. पोर जाताना ताट घेऊन जाते. मी तिचं ताट मांडणीवरून काढून ओट्यावर ठेवलं.

तिनं ताटाला हात लावला नाही. फोन हातात होता. त्याच्या कडेच्या बारीक भोकांत अजून पीठ होतं.

"अक्का, एक सांगू? किती भाकरीला किती सुई, त्याचं माप फोनमध्ये असतं, पण ते कुणाच्या तरी भाकरीचं. तुमची भाकरी रोज तेवढीच असायची. एक घास इकडं तिकडं नाही. मी पहिल्या महिन्यात मोजून मोजून बघितलं आणि मग माप घ्यायचं सोडून दिलं, नुसतं किती भाकरी ते विचारायची. आईला म्हणाले, अक्कांचा हात बरोबर आहे, माझी साखर इथं घरच्यापेक्षा चांगली राहते. म्हणून मी इथं राहिले, एवढी बोलणी खात."

मी ताट तिच्याकडं सरकवलं.

"वेळही तुमची कधी चुकली नव्हती," ती म्हणाली.

"ताट घे आणि जा," मी म्हणाले. "गाडी चुकेल."

ती गेली. ताट तसंच राहिलं.

या गोष्टीला वर्षं झाली. दोनशे पोरींचं जेवण आता शैला सांभाळते, चांगलं सांभाळते. दुरडीच्या जागी लोखंडी कपाट आलंय, खणाखणाचं. दोन खणांना शैलानं दारं ठेवलेली नाहीत. ज्या पोरीला फोन जवळ पाहिजे तिनं कारण न सांगता जवळ ठेवायचा, असं तिनं तिथं लिहून लावलंय. येता-जाता मी ते बघते.

मला चार वर्षांपूर्वी साखर निघाली. गोळ्यांनी भागेना, मग सुई आली. नातवानं माझ्या दंडावर ते पांढरं बटण बसवून दिलं. त्या बटणाचा फोन शैलाच्या कमरेला असतो, कारण मला त्यातलं इंग्रजी वाचता येत नाही. साडेबाराला शैला मला सुई टोचते आणि ताट वाढते. ताटावर तनुजा खोत असं नाव आहे. घरात ताटं काही कमी नाहीत.

रोज ती टोचल्याबरोबर वाढते, एक मिनिट इकडं तिकडं नाही. पण वर्षातून एक दिवस, पौषातल्या त्याच दिवशी, तसं होत नाही. सुई टोचते, ताट पुढं ठेवते, त्यात गुळाचा खडा ठेवते आणि म्हणते, "थांबा, आत्या. पाहुणे येताहेत."

पाहुणे कुणी येत नाहीत. ती समोर उंबऱ्यावर बसते, मांडीवर फोन घेऊन. थोड्या वेळानं तो चिरक्या आवाजात ओरडायला लागतो. माझ्या ओठावर घाम येतो, हात कापायला लागतो. शैला माझ्या तोंडाकडं बघत असते. मी दे म्हटलं की ती लगेच उठेल, आपल्या हातानं भरवेल, हे मला पक्कं माहीत आहे. एका शब्दानं मागायचं आहे.

गूळ हाताशी असतो. मी हात लावत नाही, आणि मागतही नाही.